आय सरंग्यात हाय

१

"मानसीबाय, माझ्या घरात चोरी झाली. आनि चोराने नेलं काय, तर काय पन नाय!"

हरेश्वर तांडेल फोनवर बोलत नाही, ओरडतो. समुद्रावर इंजिनाच्या आवाजात आयुष्य गेलेल्या माणसाला हळू बोलणं म्हणजे कमीपणा वाटतो.

माझा धंदा आधी सांगून टाकते. बोट बुडाल्याचा दावा आला की ती बुडाली की बुडवली, हे मी शोधते. विमा कंपन्यांना वाटतं सगळे कोळी चोर, आणि कोळ्यांना वाटतं सगळे विमावाले चोर. दोघांनाही मी आवडत नाही, म्हणजे माझं काम बरोबर चाललंय. हरेश्वरची बोट खरंच बुडाली होती. कंपनीला ते मान्य करायचं नव्हतं. मी करायला लावलं. तेव्हापासून त्याच्या घरात काहीही बिघडलं की तो मला फोन करतो. एकदा मिक्सरसाठीही केला होता.

भांडुपहून मी वर्सोव्याच्या कोळीवाड्यात पोचले. हरेश्वरचं घर एकच, पण मधोमध प्लायवूडचं पार्टिशन. अलीकडे हरेश्वर आणि त्याची मुलगी रुचिका, पलीकडे धाकटा भाऊ परेश. देव्हाऱ्याशेजारी एक जुना कॉम्प्युटर, त्याला एक दुहेरी स्टँड, आणि स्टँडमध्ये उभ्या खोचलेल्या दोन हार्ड डिस्क. एक पांढरी, रुपेरी. दुसरी काळी कुळकुळीत. हा त्यांचा घरचा सर्व्हर. सिनेमे, हळदीचे व्हिडिओ, गाणी, सगळं ह्यात. दोन्हीकडचे टीव्ही ह्याच्यावर चालायचे. प्लायला भोक पाडून केबल पलीकडे नेली होती. भावाभावांत बोलणं बंद, पण पिक्चर चालू!

"काली कोरी झाली," हरेश्वर म्हणाला. "पांढरीला कोनी हात लावला नाय."

"काळीत काय होतं?"

"फिलमी. लगनाची गानी. रुचीचे रेसिपीचे व्हिडिओ."

"आणि पांढरीत?"

त्याने देव्हाऱ्याकडे पाहिलं. "पांढरीत माझी आय."

सखुबाई. मागच्या वर्षी गेली. जाण्याआधी नातीने तिला मासे सुकवायच्या वाळूवरून चालवत नेलं होतं आणि मोबाइलवर सगळं टिपलं होतं. कोणाचे बोंबील कुठे वाळतात, कुणाच्या सासूची जागा कुठली, म्हातारी बोट दाखवून सांगत गेली होती. आता त्या वाळूवर एका कंत्राटदाराला लग्नाचं लॉन करायचंय. हिरवं गवत, पांढऱ्या खुर्च्या, आणि माशांचा वास आला की नाकाला रुमाल लावणारे पाहुणे. त्याचं म्हणणं, जागा कोणी वापरतच नाही. सोमवारी कचेरीत सुनावणी होती, आणि तिथे सखुबाईच साक्ष देणार होती, टीव्हीच्या पडद्यावरून.

"दुसरी कॉपी?"

"रुची करनार होती."

"मूळ मोबाइल?"

"मढच्या फेरीबोटीतून खाडीत पडला."

मी शिव्या दिल्या. इथे लिहीत नाही. जगात दोन प्रकारची माणसं असतात, कॉपी ठेवणारी आणि नंतर रडणारी. त्याच मिनिटाला रुचिकाला बसवून व्हिडिओची कॉपी तिच्या लॅपटॉपवर करून घेतली आणि पांढरी डिस्क माझ्या पर्समध्ये टाकली.

"बाहेर एवढंच सांगायचं, डिस्क गेली. कुठली, ते कोणालाच नाही."

"कशाला लपवायचं? चोर मना म्हाईत हाय," हरेश्वर पार्टिशनवर मूठ आपटत म्हणाला. पलीकडे ऐकू जावं म्हणूनच. "परेशला जागा देऊन टाकायची हाय लॉनवाल्याला. रविवारी मिस्त्री येतो. प्लाय काढून विटांची भिंत घालतो. मग बस तिकडं, लॉन पिकव!"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, तो दुसऱ्याच गोष्टीचा. सोमवारी दोन भाऊ दोन बाजूंना उभे राहिले, तर म्हातारीचा व्हिडिओ कितीही मोठ्या पडद्यावर दाखवा, कंत्राटदार म्हणणार, साहेब, हिच्या पोरांचंच एकमत नाही. जागा गेली. घरही गेलं.

म्हणजे चोर परेश आहे की नाही, ह्यावर सगळं उभं होतं.

फिलमी पुसायला कोणी कोणाच्या घरात शिरत नाही. चोराला सखुबाई हवी होती. तो चुकला. का चुकला हे कळलं, की कोण हे कळणार होतं.

२

रुचिकाने सर्व्हर स्वतः उभा केलेला. मुलगी हुशार. कॉलेजचा कागद नाही, पण माशाची आमटी आणि कॉम्प्युटर दोन्ही न मोजता जमतं.

"ताई, हे बघ," तिने काळी डिस्क लॅपटॉपला लावली. "ह्याच्यात मी दोन पार्टिशन केली होती. म्हणजे दोन खण समज. एकात सिनेमे, एकात घरचे व्हिडिओ. आता दोन्ही खण जागेवर आहेत, पण रिकामे. आणि विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट झालेत."

"मग?"

"माझा सर्व्हर लिनक्सवर चालतो. तो असं फॉरमॅट करणारच नाही. कोणीतरी डिस्क स्टँडमधून उपसली, साध्या लॅपटॉपला लावली. लिनक्सची डिस्क विंडोजला वाचताच येत नाही. तो आपला विचारतो, ही डिस्क फॉरमॅट करायची का? एका खणासाठी एकदा, दुसऱ्यासाठी एकदा. दोनदा 'हो' दाबलं, काम तमाम."

"म्हणजे अक्कल लागत नाही."

"माकडाला पण जमेल. माझाच लॅपटॉप वरच्या खोलीत उघडा पडलेला असतो."

"का पुसली? उचलून का नाही नेली?"

"नेली तर चोरी दिसते. कोरी झाली तर लोक म्हणतात, डिस्क उडाली, नशीब फुटलं."

मला ती पोरगी आवडली. म्हणून तिलाच आधी कोपऱ्यात घेतलं. "तू का नाही केलंस? रेसिपीच्या व्हिडिओंना जागा पुरत नाही, बापाशी भांडतेस, ऐकलंय मी."

ती भडकली. "माझेच व्हिडिओ पुसून? मला करायचं असतं तर आतून केलं असतं, नीट बघून. काय ताई, डोकं गहाण ठेवलंस का?"

बरोबर. आणि ह्याच उत्तरात एक गोष्ट चमकली.

"म्हणजे ज्याने पुसलं, त्याला आत काय आहे ते दिसलंच नाही?"

"दिसणं शक्यच नव्हतं."

म्हणजे चोराने डिस्क निवडली ती फक्त बाहेरून बघून. एक पांढरी, एक काळी, आणि त्याने ठामपणे काळी उचलली. घाबरलेला माणूस दोन्ही पुसतो. ह्याने एकच पुसली. त्याला खात्री होती.

"कधी झालं हे?"

"रविवारी, जेवणानंतर. त्याच वेळी काळी डिस्क निघाल्याची नोंद सर्व्हरवर आहे. आजीचं वर्ष होतं म्हणून काकापण पानावर आला होता. बाबा झोपले, मी जेटीवर शूटिंगला गेले, काका जाळ्याच्या कामाला."

"आणखी कोण होतं पानावर?"

रुचिका थोडी लाजली. बोटातली अंगठी फिरवली.

"सुशांत. आमचा साखरपुडा झालाय ना."

३

सुशांत घाडी राहतो कांजूरमार्गला. खिडक्या बंद, कारण वारा फिरला की शहराचा सगळा कचरा नाकात येतो. ज्यांनी तो कचरा केला ते लोक खिडक्या उघड्या ठेवून झोपतात. असो.

दार त्याच्या आईने उघडलं. जानकीकाकी. माझं आडनाव ऐकलं आणि तिचा चेहराच बदलला.

"परब? खयची गो तू?"

"देवगडची. बाबा गिरणीत होते."

"अगो बाय माझे! आमी पण देवगडची, आमचे पण गिरणीतच. बस. जेवल्याशिवाय जाव नको. सरंगो मेळलो आज, ताजो."

मी चौकशीला गेले होते, जेवायला नाही. पण देवगडच्या बाईने असं 'जेव' म्हटल्यावर 'नको' म्हणायची माझी हिंमत नाही. ताटात काळपट कातडीची जाड तुकडी, वर तिरफळाचा वास. सरंग्याची आमटी अशी मी आईच्या हातचीच खाल्ली होती. दुसरी वाटी मागितली. लाज कसली?

सुशांत समोर बसला. गोरा, नीटनेटका, प्रत्येक वाक्याच्या शेवटी हसणारा. असल्या हसण्यावर माझा विश्वास नाही. पण हसण्यावरून गुन्हा ठरत नाही.

"मॅडम, खरं सांगू? हार्ड डिस्क आहे, उडते कधीतरी. घरगुती जुगाड तो. मी रुचीला बोललो होतो, सगळं ऑनलाइन टाक."

"रविवारी जेवल्यावर तू कुठे होतास?"

"वरच्या खोलीत. फोनवर. नवीन काम बघतोय ना. कॉल सेंटरच्या रात्रपाळ्या किती करणार? पित्त झालं मला. आता इव्हेंटच्या लाइनीत जातोय."

"झिल माझो साहेब होतलो," जानकीकाकी मुलाकडे बघत अभिमानाने म्हणाली आणि माझ्या ताटात आणखी एक तुकडी टाकली.

"परेशकाकांना विचारा तुम्ही," सुशांत म्हणाला. "मी बाहेरचा माणूस, बोलू नये. पण जागा कोणाला द्यायची आहे, ते अख्ख्या कोळीवाड्याला माहीत आहे." मग आवाज खाली. "आजीचा व्हिडिओ गेला, नाही? वाईट झालं."

"कोण म्हणालं गेला?"

"डिस्क गेली ना? रुची बोलली."

बरोबर होतं. घरातल्या दोघांखेरीज सगळ्यांना एवढंच सांगितलं होतं. ह्याला धरता येत नव्हतं.

मी पोट भरून निघाले. उत्तर त्या ताटातच होतं, आणि मी ते बोटं चाटून खाल्लं होतं. पण हे मला कळायला अजून दोन ठेचा खायच्या होत्या.

४

परेश वाळूवर भेटला. बांबूंना बांधलेल्या दोऱ्या, दोरीवर जबड्यात जबडा अडकवलेले बोंबील, आणि त्यांच्याखाली बसून हा जाळं विणत होता.

"आली दादाची पोलीस," तो मान वर न करता म्हणाला.

"पोलीस असते तर उभं केलं असतं. बस, मीही बसते."

"कपडे खराब होतील, मॅडम."

"धुते मी. तुझं लॉन होईल तेव्हा धुवायला कुठे जाणार, ते सांग."

तेव्हा त्याने वर पाहिलं. रागावला होता, पण डोळा चुकवला नाही.

"हो, मना जागा द्यायची हाय. खलाशी मिलत नाय, डिझेल परवडत नाय, मासा लांब गेला. पोरगा माझा बोटीवर पाय ठेवत नाय. काय करू, बोंबलांची पूजा करू? पन जे बोलायचं ते मी दादाच्या तोंडावर बोलतो. चोरून आयला पुसायला मी काय..."

हातातली सुई जाळ्यात तशीच राहिली.

"गेली काय आय त्यात? खरं सांग."

मी सांगितलं नाही. कामात दया दाखवली की काम बिघडतं. पण त्या प्रश्नाचा आवाज मी लक्षात ठेवला. बुडवलेल्या बोटीचा मालक असा विचारत नाही. बुडालेल्या बोटीचा विचारतो.

"रविवारी पानावर काय बोलणं झालं?"

"दादा माझ्याशी बोलला नाय. भिंतीशी बोलला. हात धुताना जोरात, मना ऐकू येईल असं. 'लॉनवाल्याला काय करायचं ते करू दे, माझी आय सरंग्यात हाय!'"

"सरंग्यात?"

"डिस्कची नावं. दादाने डिस्कला माशांची नावं ठेवलीत. इंजिनालापन नाव ठेवतो तो."

"हे सगळ्यांनी ऐकलं?"

"मी, रुची, तिचा तो हसरा नवरदेव. सगळ्यांनी."

मी उठले आणि तिथेच थबकले. वाळूत पाय रुतले म्हणून नाही.

सगळ्यांनी ऐकलं, आई सरंग्यात आहे. चोराने म्हणूनच खात्रीने काळी उचलली, कारण सरंगा काळा असतो. पण आई काळीत नव्हतीच, आई पांढरीत होती. म्हणजे हरेश्वर चार माणसांच्या पानावर मोठ्याने खोटं बोलला होता. त्याने मुद्दाम चुकीची डिस्क सांगितली. भावाला गळाला लावायला. किंवा त्याहून वाईट, स्वतःच काळी पुसून भावाच्या गळ्यात बांधायला.

माझ्याच पक्षकाराने मला उल्लू बनवलं होतं.

५

मी तरातरा हरेश्वरच्या घरात शिरले. चपलाही दारात नीट काढल्या नाहीत.

"हरेश्वरदादा, भावाला घराबाहेर काढायला मला बोलावलंत? पानावर खोटं बोललात तुम्ही!"

"खोटं? मी?"

"आई सरंग्यात आहे म्हणालात. काळीत नव्हतीच ती!"

"कालीत कुठं बोललो मी? सरंग्यात बोललो!"

"तेच ना! काळीत!"

"अगं, सरंगा काला कवापासून झाला?"

आम्ही दोघं एकमेकांकडे असे बघत राहिलो, जसे दोन बहिरे भांडतात. रुचिका स्वयंपाकघरातून हात पुसत आली. हरेश्वरने बर्फाचा डबा ओढला, आत हात घातला आणि एक मासा वर काढला. चांदीसारखा, पसरट, मोठा.

"ह्यो कोन?"

"पापलेट," मी म्हणाले.

"मोठा पापलेट म्हंजे सरंगा. आमचा बाप बोलायचा, त्याचा बाप बोलायचा." दुसरा मासा बाहेर आला. तसाच पसरट, पण काळा. "आनि ह्यो?"

"सरंगा," मी म्हणाले.

रुचिका हसत सुटली.

"ताई, हा हलवा गं! वाट लागली तुझी! पांढरी डिस्क सरंगा, काळी डिस्क हलवा. साधी गोष्ट आहे."

"आमच्या देवगडला ह्यालाच सरंगो म्हणतात," मी चिडून म्हणाले. "तुमचा सरंगा आमच्याकडे नुसता पापलेट."

"पण तुला माहीत नव्हतं? एवढी वर्षं इथे येतेस."

"बोटी मोजायला येते. मासे विकत घ्यायला गेले की तुमच्या बायका पापलेटच म्हणतात."

"गिऱ्हाइकाशी आम्ही पापलेटच बोलतो. सरंगा हा घरातला शब्द," रुचिका अजून हसत होती.

मी हसत नव्हते.

हरेश्वर खरं बोलला होता. शब्द एकच होता, मासे दोन होते. मी 'आई सरंग्यात' ऐकलं आणि बेधडक काळ्या डिस्ककडे बोट दाखवलं. चोरानेही हेच केलं. अगदी हेच. ह्या घरात जन्मलेला माणूस ही चूक करूच शकत नाही. परेशला झोपेत उठवून विचारलं तरी तो सरंगा म्हणून पांढऱ्याला हात घालेल. ही चूक करायला माणूस माझ्या गावचा लागतो. एका जिभेची माणसं एकाच दगडाला ठेचकाळतात.

आणि माझी जीभ बोलणाऱ्या घरात मी दोन वाट्या आमटी पिऊन आले होते.

रुचिका हसता हसता अंगठीवरचं पाणी पुसत होती. मला तिच्याकडे बघवेना. पण बघितलं. बघायचं नाही तर हा धंदा करायचा नाही.

"दादा," मी म्हणाले, "रविवारी सगळ्यांना जेवायला बोलवा. परेशलाही. आणि असेच दोन मासे आणून ठेवा. न कापता."

६

रविवारी पार्टिशनच्या अलीकडे सगळे जमले. दारात मिस्त्री विटांचा टेम्पो घेऊन उभा. परेश भिंतीला टेकून उभा, बसायला तयार नाही. सुशांत सतरंजीवर ऐसपैस बसलेला, जावयाच्या थाटात. त्याच्या गुडघ्याशी परात, परातीत दोन मासे.

हरेश्वरला मी एकच वाक्य शिकवलं होतं. म्हातारा नाटकात काम करायला हवा होता.

"जावईबापू, तो सरंगा दे रे रुचीकडं. कापू दे तिला."

सुशांतने हात पुढे केला. एक क्षणही थांबला नाही. काळा मासा शेपटीला धरून उचलला आणि रुचिकापुढे धरला.

रुचिकाने तो घेतला नाही.

परेशच्या तोंडून हसू फुटलं, सवयीने. "अरे यड्या, ह्यो हलवा..." त्याने परातीकडे पाहिलं, मग देव्हाऱ्याशेजारच्या रिकाम्या स्टँडकडे. परेश मूर्ख नाही.

सुशांतचा हात तसाच. माशाच्या शेपटीतून बर्फाचं पाणी त्याच्या पँटवर टपकत होतं.

"काय झालं?" तो हसून म्हणाला.

"काही नाही," मी म्हणाले. "मागच्या रविवारीही तू हेच केलंस. आई सरंग्यात आहे, असं तू ऐकलंस. डिस्कना माशांची नावं आहेत, हे तुला ठाऊक होतं. वर गेलास, रुचिकाचा लॅपटॉप आणलास, आणि तुझ्या माझ्या गावचा सरंगा उचललास. काळा. आत काय आहे ते तुला दिसलं नाही. फॉरमॅट करू का, असं मशीनने दोनदा विचारलं. दोनदा तू हो म्हणालास. आजी पांढरीत होती, सुशांत. तुझ्या हाताला लागले फक्त सिनेमे."

"एका माशावरून तुम्ही..."

"ह्या घरात काळ्याला सरंगा म्हणणारे दोघेच. मी आणि तू. मी त्या रविवारी भांडुपला होते."

"पुरावा आहे?" आता तो हसत नव्हता. "कोर्टात मासा दाखवणार काय?"

"कोर्टात कोण चाललंय? मला फक्त एकीला दाखवायचं होतं."

रुचिका त्याच्यासमोर खाली बसली. आवाज शांत होता. तो शांतपणा मला ओरडण्यापेक्षा भयंकर वाटला.

"इव्हेंटची लाइन. कोणाच्या लॉनवर, सुशांत?"

सुशांतने मासा परातीत ठेवला.

"मी विचारलं होतं तुला. ऑफिस कुठे, तर बोललास, अजून बांधायचं आहे."

"मॅनेजर करणार होते मला," तो शेवटी पुटपुटला. "रुची, मी आपल्यासाठीच... रात्रपाळ्या करून मेलो असतो मी. एक व्हिडिओ फक्त. आजी तर गेलीच होती ना?"

"हो," रुचिका म्हणाली. "ती एकदा गेली. तू दुसऱ्यांदा पाठवायला निघाला होतास."

तिने अंगठी काढली आणि परातीत, बर्फाच्या पाण्यात टाकली. "तुझी तू उचल. तुला वलखता येईल तर."

तो गेला. अंगठी शोधायला त्याला वेळ लागला, आणि त्याला कोणी मदत केली नाही. मला जानकीकाकीची आठवण आली. तिच्या आमटीचा काही दोष नव्हता. पण पोराला साहेब करायचं एवढंच शिकवलं, कशाच्या जिवावर ते शिकवलं नाही, की असे साहेब तयार होतात.

हरेश्वर आणि परेश समोरासमोर. माफी मागणं तांडेलांच्या रक्तात नाही. हरेश्वर दोनदा खाकरला.

दारातून मिस्त्रीने विचारलं, "सेठ, इटा उतरवू काय?"

"नको." हरेश्वरने पार्टिशनकडे पाहिलं. केबलसाठी पाडलेल्या त्या भोकाकडे. "ते भोक मोठं कर."

"किती मोठं?"

"मानूस जाईल एवढं."

परेशने भिंतीची टेकण सोडली आणि पानावर येऊन बसला. भाताकडे बघत म्हणाला, "आयची एक कॉपी माझ्या बाजूला ठेव, रुचे. जागेचं आपन नंतर भांडू. लॉनवाल्याच्या समोर नाय भांडायचं."

सोमवारी कचेरीत पडदा लावला. सखुबाई वाळूवरून चालत आली, पदर खोचून, दम खात. ही चांगुनाची काठी, ही माझ्या सासूची, इथं वादळाच्या वर्षी आम्ही सुकट राखली. साहेबाने विचारलं, ह्या बाईंचे वारस कोण? दोघं भाऊ एकदम उठले. परेशचा हात आधी वर गेला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. कंत्राटदाराच्या वकिलाने कागद चाळले आणि मोबाइलमध्ये तोंड घातलं. साहेबाने जागेवर काम करायला मनाई केली आणि स्वतः येऊन वाळू बघतो म्हणाला. बघू दे. बोंबलांचा वास घेऊ दे त्यालाही.

संध्याकाळी आम्ही परत आलो. आता स्टँडमधल्या दोघींशेजारी तिसरी डिस्क होती, आणि चौथी परेशच्या टीव्हीखाली. काळीतले सिनेमेही रुचिकाने बरेचसे परत काढले. घाईत केलेलं फॉरमॅट वरवरचं असतं, खाली सगळं तसंच राहतं, ती म्हणाली. फक्त सुशांतबरोबर काढलेले व्हिडिओ तिने परत काढले नाहीत.

"पोरी," हरेश्वर म्हणाला, "ती नावं बदलून टाक. एक दोन तीन लिही सरल. परत कोन गोंधलायला नको."

रुचिकाने मार्कर घेतला. पांढऱ्या डिस्कवर ठळक अक्षरांत लिहिलं, सरंगा. काळीवर लिहिलं, हलवा.

"नावं हीच राहणार, बाबा," ती म्हणाली. "ज्याला कळत नाय, त्याने हात लावायचा नाय."

मग माझ्याकडे वळून तिने डोळा मारला. "तुला सूट आहे, ताई. पण विचारून."